गावात वाचनालय कशाला हवं?

(भंडारदरा धरणाच्या काठावरील प्रौढ वर्गांपुढे केलेले भाषण)



आज पाटी-पेन्सिल बाजूला ठेवा. आज धडा नाही, नुसतं बोलणं आहे. आम्ही वाचनालयावर बोलायला आलो आहोत, पण सुरुवात पावसापासून करणार आहोत. पावसाचा आणि वाचनालयाचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. थोडा दम धरा.

मृग सरला, आर्द्रा लागल्या की आपल्याकडं पावसाला उसंत नसते. घाटघर, रतनवाडी, पांजरे, साम्रद या गावांना तो कसा झोडपतो ते आम्ही तुम्हांला काय सांगावं? घाटघरला तर लोक नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. बाकीचा जिल्हा आभाळाकडं डोळे लावून बसलेला असतो, आणि इथं चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. खाचरं भरतात, ओढे भरतात, आणि सगळं पाणी प्रवरेतून धरणात येतं. हा पाऊस रोज मोजतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आकडे छापून येतात : घाटघर इतके मिलिमीटर, रतनवाडी इतके, भंडारदरा इतके, धरणात पाणी इतके दशलक्ष घनफूट. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर या भागांतली माणसं चहाचा कप हातात घेऊन आधी तो आकडा पाहतात. त्यांचा ऊस, त्यांचं पिण्याचं पाणी त्या आकड्यावर असतं.

आता आम्ही तुम्हांला विचारतो. पाऊस पडतो आपल्या कौलांवर. मोजतात तो आपल्या शिवारात. पण तो छापलेला आकडा आपल्यापैकी किती जणांनी पाहिला? पाहिला असेल तर राजूरच्या एखाद्या हॉटेलात, नाही तर पाहुण्यांनी वडे बांधून आणलेल्या कागदावर!

आणि पाहिला तरी त्याचा अर्थ काय? तोही आज समजून घेऊ. भंडारदरा धरण काठोकाठ भरलं म्हणजे त्यात ११,०३९ दशलक्ष घनफूट पाणी मावतं. दशलक्ष म्हणजे दहा लाख. घनफूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट खोल अशा खोक्यात मावेल एवढं पाणी. लिटरच्या मापानं ते सव्वाअठ्ठावीस लिटर भरतं, म्हणजे आपल्या घरातले साधारण दोन हंडे. करा गुणाकार. भरलेल्या धरणात दोन हजार कोटींच्या वर हंडे पाणी झालं. उन्हाळ्यात झऱ्याचं पाणी वाटीनं भरून हंडा डोक्यावर घेऊन चढ चढणाऱ्या बाईला हा हिशोब ठाऊक असावा की नसावा? तो ठाऊक असेल तर ती ग्रामसभेत उभी राहून एक प्रश्न विचारू शकेल. ठाऊक नसेल तर ती नशिबाला बोल लावील आणि पुन्हा झऱ्यावर जाईल.

हा हिशोब कुणी कुलपात ठेवलेला नाही. सरकारी कचेरीत आहे, वर्तमानपत्रात आहे. फक्त आपल्यापर्यंत आलेला नाही. दडवलेली गोष्ट वेगळी आणि न पोचलेली वेगळी, हे आम्हांला कळतं. पण ज्याला ती मिळत नाही त्याला दोन्ही सारख्याच.

या धरणाचं काम १९१० साली सुरू झालं. १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचं उद्‌घाटन झालं. म्हणून त्याला विल्सन बंधारा म्हणायचे, आणि पाण्याला आर्थर लेक. पाणी कालव्यांतून खाली गेलं. तिथं बागायत झाली, ऊस आला. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याच्यामागून शाळा आल्या, कॉलेजं आली, वाचनालयं आली. आमचा खालच्या लोकांवर राग नाही. पाणी खालीच जाणार, तो त्याचा धर्म आहे. पण घाटघरला काय केलं आहे ते तुम्ही पाहिलं असेल. तिथल्या वीज प्रकल्पात विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी यंत्रानं वरच्या तलावात चढवतात, आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करतात. पाण्याला वर चढवता येतं, मग माहितीला का नाही? त्यालाही काहीतरी यंत्र लागतं. गावचं वाचनालय हे ते यंत्र.

आता थोडी मागची गोष्ट सांगतो. ती ऐकली म्हणजे कागदाची किंमत कळेल.

जुन्या काळी कर्ज काढलं की सावकार कागद करून घेई. त्याला खत म्हणत. खतात काय लिहिलं आहे? सावकार वाचून सांगेल ते. कुळानं शाईत अंगठा बुडवायचा आणि उठवायचा. पन्नास घेतले त्याचे शंभर लिहिले का, व्याज काय दरानं धरलं, जमीन गहाण लिहिली की विकत लिहिली, हे कळायला मार्ग नव्हता. आपल्या अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे या जुलमाविरुद्ध आणि इंग्रजांविरुद्ध उठले. १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी उठले. ते लोण आपल्या नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे या बाजूला आलं. इतिहासाच्या पुस्तकांत याला दख्खनचे दंगे म्हणतात. नाव दंगे, पण माणसांना मारहाण फारशी झाली नाही. लोक सावकाराच्या दारात जमले आणि म्हणाले, आमची खतं काढा. खतं हाती आली तिथं त्यांनी ती जाळली.

यावर जरा विचार करा. माणसं कागद जाळायला का निघाली? कागद खोटा आहे हे त्यांना मनातून कळत होतं. पण तो वाचून, हे पाहा, इथं खोटं लिहिलं आहे, असं बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. ज्याला वाचता येत नाही त्याला कागद जाळण्यापलीकडं त्याचं काही करता येत नाही. आणि जाळून तरी काय? वर्षानुवर्षं अंगठे उठवायचे ते उठतच राहिले. १८७९ साली सरकारनं शेतकऱ्यांसाठी कायदा केला, आणि शेतकऱ्याचं खत गावच्या निबंधकासमोर लिहिलं गेलं पाहिजे असं ठरलं. म्हणजे सरकारलाही मानावं लागलं की कागद ज्याच्यावर लिहायचा त्याला तो समजला पाहिजे.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. ती राजस्थानची, आणि फार जुनीही नाही. तिथं दुष्काळी कामावर खडी फोडणारे मजूर होते. मजुरी पुरी मिळत नव्हती. मजुरांनी आणि शेतकऱ्यांनी १९९० साली संघटना केली आणि एक साधी मागणी केली : कामाचा हजेरीपट दाखवा. बस्स. हजेरीपट म्हणजे काय ते तुम्हांला सांगायला नको, रोजगार हमीच्या कामावर आपण तो पाहिलेला आहे. १९९४ सालापासून त्यांनी गावोगाव उघड्यावर सभा घेतल्या, आणि सरकारी कागद मोठ्यानं वाचून दाखवायला सुरुवात केली. वाचताना काय निघालं? मेलेल्या माणसांची नावं कामावर! जी इमारत कधी बांधलीच नाही, तिचा खर्च मांडलेला! ऐकणारे जागच्या जागी सांगू लागले की हे खोटं आहे. १९९६ साली ब्यावर या गावात त्यांनी चाळीस दिवस धरणं धरलं. मागणी पगाराची नव्हती, कागदाची नक्कल मिळण्याची होती.

त्या लोकांत बहुतेक तुमच्या-आमच्यासारखेच. कित्येकांना अक्षर येत नव्हतं. पण गावात एकाला वाचता येत होतं आणि शंभर जण ऐकत होते. १८७५ साली कागद जाळावा लागला, आणि सव्वाशे वर्षांनी त्याची नक्कल मागता आली. मधल्या काळात काय बदललं ते यावरून ध्यानात घ्या.

आपल्या महाराष्ट्रातही हा लढा झाला, आणि आपल्याच जिल्ह्यातून झाला. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांनी माहितीच्या कायद्यासाठी ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण केलं. राज्याचा कायदा लागू झाला. मग १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाला माहितीचा अधिकार मिळाला.

हा कायदा आम्ही थोडा उलगडून सांगतो, कारण तो वाचायला शिकणाऱ्यांच्या फार कामाचा आहे. कोणत्याही सरकारी कचेरीकडं, ग्रामपंचायतीकडंसुद्धा, अर्ज करून कागद मागता येतो. फी दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जिवाचा किंवा अटकेचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. माहिती कशाला हवी, असं विचारण्याचा अधिकाऱ्याला हक्क नाही. कागद नुसता पाहायचा असेल, तर कचेरीत जाऊन पाहता येतो. उत्तर आलं नाही, तर त्याच कचेरीतल्या वरच्या अधिकाऱ्याकडं अपील करता येतं. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणं एका अर्जात एकच विषय लिहायचा आणि तो दीडशे शब्दांच्या आत. दीडशे शब्द! वर्गात आपण पत्र लिहितो तेवढंच झालं की.

आणि या कायद्यात एक वाक्य आहे, ते आम्हांला सर्वांत मोलाचं वाटतं. ज्याला अर्ज लिहिता येत नाही, त्यानं तोंडी सांगावं, आणि ते लिहून काढायला माहिती अधिकाऱ्यानं त्याला मदत करावी, असं त्यात म्हटलं आहे. किती जणांना हे ठाऊक होतं? ज्यांच्यासाठी हे वाक्य लिहिलं, त्यांनाच ते वाचता येत नाही. मग ते त्यांच्यापर्यंत न्यायचं कुणी?

आपल्याकडं तर कागदाचं काम इतर गावांपेक्षा जास्त. आपला हा डोंगरी भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ चा पेसा कायदा इथं लागू आहे, आणि त्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ साली झाले. त्यांत ग्रामसभेला काय काय अधिकार दिले आहेत, ते वाचलेला माणूस गावात एक तरी हवा. १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, त्याचे नियम वेगळे. आणि २००६ चा वनहक्क कायदा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला त्या कायद्यानं दावा करता येतो. पुष्कळांना वाटतं की जुना सरकारी कागद नसला म्हणजे सगळं संपलं. तसं नाही. दावेदाराखेरीज गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब हासुद्धा पुरावा धरतात. मात्र एकाहून अधिक पुरावे जोडावे लागतात. दावा फेटाळला तर कारण कळवावं लागतं, आणि ग्रामसभेचा किंवा उपविभागीय समितीचा निर्णय पटला नाही तर साठ दिवसांच्या आत वरच्या समितीकडं दाद मागता येते. साठ दिवस म्हणजे दोन महिने. पावसाळ्यात ते कसे निघून जातात, कळतही नाही. कागद घरी येतो, तो फळीवर ठेवला जातो, पोरगा सुट्टीला येईल तेव्हा वाचील असं आपण म्हणतो. पोरगा दिवाळीला येतो. तोवर मुदत गेलेली असते.

गावात वाचनालय असतं, तर तो कागद त्याच संध्याकाळी कुणीतरी वाचला असता. आमचं म्हणणं एवढंच आहे.

इथं आमच्या वर्गातल्या एका मावशींची शंका सांगितली पाहिजे. त्या म्हणाल्या, आता पोरांच्या मोबाईलमध्ये सगळं आहे, मग वाचनालयाचं खूळ कशाला? प्रश्न चांगला आहे. मोबाईलला आम्ही नावं ठेवत नाही. त्यावर महाभूलेखचा सातबारा दिसतो, सरकारचे निर्णय दिसतात. पण पाहा. मोबाईल असतो कुणाच्या हातात? पोराच्या. आजीला काही पाहायचं असेल तर पोराचा खेळ संपेपर्यंत थांबायचं. डोंगराच्या आड रेंज नसते, ते वेगळंच. शिवाय मोबाईलमध्ये येणारं बरंचसं आपण न मागता येतं. अमुक योजनेचे पैसे मिळणार, इथं दाबा, असा निरोप येतो. दाबलं की खात्यातले पैसे जातात. हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं, खरं की खोटं, हे त्या निरोपावर लिहिलेलं नसतं. पुस्तकावर लिहिणाऱ्याचं नाव असतं, साल असतं. सरकारी निर्णयाला क्रमांक आणि तारीख असते. ते पाहून ताडून घ्यायची सवय लागते ती चार माणसांत बसून. तेव्हा मावशी, वाचनालयात एक संगणकही ठेवू, आणि छापायचं यंत्रही ठेवू. पण त्याच्या शेजारी बाक हवा, आणि बाकावर विचारायला माणूस हवं.

वाचनालय म्हणजे शहरी लोकांचं, शिकल्यासवरल्यांचं, असं वाटणं साहजिक आहे. आपल्या जिल्ह्यातलं नगरचं वाचनालय १८३८ सालचं आहे. किती जुनं! पण नगर इथून दीडशे किलोमीटरच्या आसपास. तिथल्या कपाटातलं पुस्तक साम्रदच्या माणसाच्या काय उपयोगाचं?

म्हणून एका खेड्यातल्या पोराची गोष्ट सांगतो. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे नावाचं गाव आहे. तिथल्या शेतकरी घरातला गोपाळ नावाचा मुलगा १८७५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, बडोद्याच्या राजघराण्यात दत्तक गेला. तोवर त्याला अक्षर येत नव्हतं. बाराव्या वर्षी त्यानं मुळाक्षरं गिरवली. तेच पुढं सयाजीराव गायकवाड झाले. त्यांनी १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मग त्यांच्या ध्यानात आलं की शाळा सोडल्यावर वाचायला काही मिळालं नाही, तर शिकलेलं विसरून जातं. हा अनुभव सगळीकडचाच आहे. आपल्याकडं १९५९ साली साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, गावंच्या गावं साक्षर झाली. पण अक्षर हे विळ्यासारखं असतं, वापरलं नाही की गंजतं. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेतून बोर्डन नावाचे जाणकार बोलावले आणि वाचनालयांचं जाळं विणलं. खेड्यानं थोडी रक्कम उभी केली, की तेवढीच प्रांताची पंचायत देई आणि तेवढीच सरकार देई. जिथं वाचनालय नाही, तिथं लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून पाठवायचे. गावानं पेटी वाचून संपवली की ती पुढच्या गावाला. आमच्या डोक्यात पेटीची कल्पना आली ती इथून. आपल्या धरणाभोवतीच्या रस्त्यानं शेंडी, मुरशेत, पांजरे, घाटघर, रतनवाडी अशी पेटी फिरायला काय हरकत आहे? मद्रासकडं मन्नारगुडी या गावी १९३१ साली बैलगाडीतून पुस्तकं गावोगाव नेत. बैलगाडी जाते तिथं पुस्तक जातं. आपल्याकडं तर आता जीप जाते.

केरळचंही ऐका. ज्या १९२६ साली आपल्या धरणाचं उद्‌घाटन झालं, त्याच साली केरळात नीलंपेरूर या गावी पणिक्कर नावाच्या शाळामास्तरांनी एक छोटं वाचनालय सुरू केलं. १९४५ साली त्यांनी सत्तेचाळीस वाचनालयांची एक संघटना बांधली. पुढं ती वाढत वाढत हजारोंवर गेली. १९९१ साली केरळ हे पूर्ण साक्षर राज्य म्हणून जाहीर झालं. हे नुसत्या शाळांनी झालं नाही. खेड्यातला मजूर संध्याकाळी वाचनालयाच्या ओट्यावर बसतो, एक जण वर्तमानपत्र वाचतो आणि दहा जण वाद घालतात, ही तिथली रीत आहे.

आपल्या राज्याचाही वाचनालयांचा कायदा आहे. तो १९६७ सालचा. त्यात अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि अनुदान आहे. पण या कायद्यानं सरकार प्रत्येक गावात आपणहून वाचनालय उघडत नाही. गावकऱ्यांच्या संस्थेनं आधी उघडायचं, चालवायचं, मग मदत मिळते. ही गोष्ट चांगली का वाईट? आम्हांला विचाराल तर अर्धी चांगली, अर्धी वाईट. ज्या गावात चार शिकलेली, खटपटी माणसं आहेत तिथं वाचनालय होतं. जिथं त्याची खरी गरज, तिथं खटपट करणारं कुणी नसतं. आणि अनुदानाच्या मागं लागून काय होतं तेही सांगितलं पाहिजे. २०१२ साली सरकारनं राज्यभर वाचनालयांची तपासणी केली, तेव्हा कितीतरी वाचनालयं नुसती पाटीवर सापडली. पाटी आहे, कुलूप आहे, वाचणारा नाही. असलं वाचनालय आपल्याला नको. अनुदान मिळालं तर घेऊ. न मिळालं तरी पेटी फिरली पाहिजे.

मग वाचनालयात ठेवायचं काय? गोष्टींची पुस्तकं हवीत, मोठ्या अक्षरांची. कामाचंच वाचावं असं आमचं मत नाही. हसायला, रडायलाही पुस्तक हवं. एक रोजचं वर्तमानपत्र हवं, मग तो पावसाचा आकडा आपणच आपल्या फळ्यावर लिहू. ग्रामपंचायतीचा वर्षाचा जमाखर्च हवा. लोकसेवा हक्काचा २०१५ चा कायदा हवा, कारण कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा हे कचेरीनं फलकावर लावलं पाहिजे असं त्यात आहे. आणि आपल्या मुलखाची माहिती हवी. मे-जूनमध्ये काजवे पाहायला शहरातली माणसं येतात, रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ पाहतात, कळसूबाई चढतात. ते वाट्याला विचारतात, हे देऊळ कुणाच्या काळातलं, हे शिखर किती उंच? कळसूबाई १,६४६ मीटर आहे, साऱ्या महाराष्ट्रात उंच. आपल्या घरासमोरच्या डोंगराची उंची पाहुण्यानं आपल्याला सांगावी, हे काही बरं दिसत नाही.

आणखी एक. बाहेरचं ज्ञान गावात आणायचं, तसं गावातलंही लिहून ठेवायचं. आपल्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. त्या शाळेत गेल्या नाहीत. पण भाताचे, वालाचे, भाज्यांचे जुने गावरान वाण त्यांनी जपले आणि घरात बियाण्यांची बँक उभी केली. शेतकऱ्यानं बी न्यायचं, पीक आलं की परत आणून द्यायचं. पुस्तकाचं वाचनालय याहून वेगळं काय असतं? आपल्या आज्यांना कोणतं भात कोणत्या खाचरात, कोणता पाला कोणत्या दुखण्यावर, हे तोंडपाठ आहे. ते कुठं लिहिलेलं नाही. आजी गेली की तेही जातं. वर्गातल्या मंडळींनी ते वहीत उतरवलं, तर ती वही आमच्या मते पेटीतली सगळ्यांत महाग वही होईल.

जागेचं बोलू. वाचनालय कुणा एकाच्या घरात ठेवू नका. कितीही मोठ्या मनाचा माणूस असला तरी नको. ज्या उंबऱ्यावर ठाकरवाडीची बाई पाय ठेवायला बिचकते, तिथलं पुस्तक तिचं होत नाही. शाळेची पडवी, समाजमंदिर, देवळाचा ओटा, जिथं कुणालाही विचारल्याशिवाय बसता येतं ती जागा. वेळ संध्याकाळची, दिवे लागल्यावर. आवणीच्या दिवसांत कुणी येणार नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. तेव्हा बंद ठेवू, उगाच नोंदवहीत खोट्या सह्या नकोत. पावसाळ्यात पुस्तकं सादळतात, त्यांना बुरशी धरते. त्यासाठी पेटी जमिनीपासून वीतभर उंच ठेवायची, आत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायचा आणि ऊन पडेल त्या दिवशी पुस्तकं उन्हात मांडायची. पुस्तक फाटलं तर दंड नाही. फाटलेलं पुस्तक म्हणजे ते वाचलं गेलं.

पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकानं एका कागदावर एक प्रश्न लिहून आणावा. तुम्हांला काय जाणून घ्यायचं आहे, एवढाच. जमिनीचा असो, आजारपणाचा असो, देवाचा असो. ज्याला अजून लिहायला जमत नाही त्यानं शेजाऱ्याला सांगावं, शेजाऱ्यानं लिहून द्यावा. त्या कागदांवरून आम्ही पहिल्या पेटीतल्या पुस्तकांची यादी करू. पेटीला कुलूप एक आहे, पण किल्ल्या दोन करून घेतल्या आहेत. एक किल्ली बायकांच्या वर्गाकडं राहील. दुसरी कुणाकडं द्यायची, ते तुम्ही बसून ठरवा.